शिक्षण आणि फॅटी लिव्हर: धोका कुणाला, उशीर कुणाला?

ओवी

मी आहारतज्ज्ञ आहे. आठवड्यातले काही दिवस हिंजवडीच्या कंपन्यांची वार्षिक आरोग्य तपासणी करणाऱ्या एका केंद्रात असते, उरलेले दिवस शहराच्या दुसऱ्या टोकाला एका धर्मादाय दवाखान्यात. पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दोन्हीकडे तीच ओळ वाचते: ग्रेड एक फॅटी लिव्हर, ग्रेड दोन फॅटी लिव्हर. एकीकडे एमटेक, एमबीए झालेली मंडळी. दुसरीकडे सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या बायका, रिक्षावाले, सोसायट्यांचे वॉचमन. "फॅटी लिव्हर म्हणजे खात्यापित्या घरचं दुखणं" असं कुणी म्हटलं की मला राग येतो, आणि "शिकलेल्यांना कळतं, ते काळजी घेतात" असं म्हटलं तरी येतो. दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत आणि त्या अर्धवटपणाची किंमत माझ्या दवाखान्यातल्या बायका मोजतायत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. यकृताच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारू हे एक कारण. पण आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत पोटाचा घेर, इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणं, मधुमेह, रक्तातली वाढलेली चरबी (ट्रायग्लिसराइड्स) ही कारणं असतात. चरबी वर्षानुवर्षं तशीच राहिली तर काहींच्या यकृताला सूज येते, मग जखमा भरताना व्रण पडत जातात आणि यकृत कडक होतं. त्यातल्या काहींची गाडी सिरोसिसपर्यंत, म्हणजे व्रणांनी यकृत निकामी होत जाण्यापर्यंत, जाते. या सगळ्या काळात बहुतेकांना दुखत-खुपत काहीच नाही. भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात प्रौढांमधलं प्रमाण ३८.६ टक्के निघालं.

आता शिक्षणाकडे येऊ. युरोप-अमेरिकेत चित्र बरंचसं सरळ आहे: शिक्षण कमी तर धोका जास्त. आपल्याकडे तसं नव्हतं. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात ग्रामीण, गरीब वस्तीत केलेली एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. १,९११ माणसं तपासली, फॅटी लिव्हर निघालं ८.७ टक्क्यांना, आणि ज्यांचं उत्पन्न बरं त्यांना धोका जास्त. म्हणजे जो दोन पैसे कमावून शेतातून बाहेर पडला, त्याच्या यकृतावर आधी चरबी चढली.

पण मग आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासाचे १५ राज्यांचे आकडे २०१७ मध्ये आले. देशात बहुतेक ठिकाणी मधुमेह वरच्या आर्थिक-सामाजिक थरात जास्त होता. अपवाद होता श्रीमंत राज्यांच्या शहरांचा. चंदीगड, तमिळनाडू आणि आपला महाराष्ट्र. इथल्या शहरांत मधुमेह खालच्या थरात जास्त निघाला. मधुमेह आणि फॅटी लिव्हर बहुतेक वेळा एकाच घरात राहतात. त्यामुळे मला तरी वाटतं की मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत फॅटी लिव्हरही त्याच वाटेने निघालंय.

माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका बाईंचं सांगते. कपडे शिवायच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसतात, वय चाळिशीच्या पुढे. पिशवीतून दोन रिपोर्ट काढले, एक ताजा, एक दोन वर्षांपूर्वीचा. जुन्यावर ग्रेड एक, नव्यावर ग्रेड दोन. जुना रिपोर्ट त्यांनी कधी कुणाला दाखवलाच नव्हता, कारण सोनोग्राफी पित्ताशयातल्या खड्यासाठी काढली होती आणि "खडा नाही, घाबरू नका" एवढंच त्यांना सांगितलं गेलं. खालची ओळ इंग्रजीत होती. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "लिव्हरला थोडी सूज आहे, तेलकट बंद करा." बाईंनी मनापासून बंद केलं. भाजीला फोडणी नको म्हणून भाजीच कमी झाली. सकाळी चहा आणि खारी, कारखान्यात दोनदा चहा-बिस्कीट, दुपारी रेशनच्या तांदळाचा भात आणि पातळ आमटी, संध्याकाळी घरी जाताना टोस्ट. या सगळ्याला त्या "हलकं खाणं" म्हणत होत्या. खारीत किती तूप-डालडा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. शेंगदाण्याची चटणी मात्र तेलकट म्हणून सोडलेली. कंबर ८८ सेंटिमीटर, वजन फार नाही. आणि सासूबाई म्हणत होत्या, "लिव्हर खराब व्हायला तू काय दारू पितेस?" ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

हिंजवडीत असा प्रसंग येत नाही. तिथे मेलवर मागच्या सगळ्या वर्षांचे रिपोर्ट असतात, फॅटी लिव्हर म्हणजे काय ते माहीत असतं, फोनमध्ये पावलं मोजणारं अ‍ॅप असतं. आणि अमेरिकेबरोबरचा कॉल संपल्यावर रात्री अकराला जेवण असतं.

तुमच्या आजूबाजूला काय दिसतं? शिक्षणाने फरक पडतो का? पडत असेल तर नेमका कुठे: आजार होण्यात, तो वेळेवर सापडण्यात, की सापडल्यावर काही करता येण्यात?

कंदील

ओवीताई, धागा फार गरजेचा. मी आयटीतलाच. हैदराबादच्या आयटी कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास २०२५ मध्ये आला होता, त्यात ८४ टक्क्यांना फॅटी लिव्हर होतं. लोकसभेतही त्याचा उल्लेख झाला. त्यातला प्रत्येक जण पदवीधर असणार. मग शिक्षण वाचवतं हे म्हणायचं कसं? आमच्या टीममध्ये तिशीच्या आतल्या मुलांचे रिपोर्ट तसेच येतात.

पांढरा कोट

पोटविकारतज्ज्ञ आहे, म्हणून दोन गोष्टी.

कंदील, तो अभ्यास मोलाचा आहे, पण ८४ टक्के हा आकडा सगळ्या आयटीचा समजू नका. त्यात ३४५ कर्मचारी होते. त्यांच्यात ७१ टक्के लठ्ठ आणि सुमारे ३४ टक्क्यांना मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पोटाचा घेर, बीपी, शुगर, रक्तातली चरबी यांतल्या अनेक गोष्टी एकत्र बिघडलेल्या, होता. तपासणीला पुढे येणाऱ्यांत ज्याला स्वतःबद्दल शंका आहे तो जास्त येतो. तरी त्यातून दिसणारी दिशा खरी आहे: दिवसभर बसणं, कमी झोप, रात्रीचं काम, मागवलेलं जेवण. मी बघतो त्या रुग्णांतही हेच.

दुसरी गोष्ट ओवींच्या प्रश्नाबद्दल. सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे चरबीचा ढोबळ अंदाज. साधारण २० ते ३० टक्के चरबी झाल्याशिवाय सोनोग्राफीत ती नीट दिसतच नाही. आणि ग्रेडवरून यकृत किती कडक झालंय ते कळत नाही. माझ्याकडे ग्रेड एक असलेला पण यकृत बरंच कडक झालेला रुग्ण येतो आणि ग्रेड तीन असलेला पण यकृत मऊ असलेलाही येतो. आयुष्य किती धोक्यात आहे ते कडकपणावर ठरतं. शिक्षणाचा खरा फरक मला इथे दिसतो. शिकलेला माणूस ग्रेड एकला घाबरून येतो. न शिकलेला पोटात पाणी झाल्यावर, पाय सुजल्यावर, रक्ताची उलटी झाल्यावर येतो. आजार तोच, भेट दहा-पंधरा वर्षं उशिरा.

डोंगरवाट

सगळ्यांचा आदर ठेवून म्हणतो, यात शिक्षण कशाला आणताय? हा सरळ पैशाचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे पैसा त्याला सोनोग्राफी, ज्याच्याकडे नाही त्याला खारी-टोस्ट. बारावी नापास बिल्डर बघा आणि एमए-बीएड होऊन तासिका तत्त्वावर राबणारा मास्तर बघा. कुणाचं यकृत लवकर तपासलं जाईल? शिक्षणाचं नाव घेतलं की दोष माणसावर येतो: शिकला नाही, म्हणून कळलं नाही, म्हणून आजारी पडला. मला हे पटत नाही.

सांख्यिकी

डोंगरवाट, तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण संशोधक उत्पन्न सोडून शिक्षण का धरतात, त्याला कारण आहे. उत्पन्न आजारामुळेही कमी होतं. लिव्हरचा रुग्ण कामावर जाऊ शकला नाही की गरीब होतो, मग गरिबीने आजार आला की आजाराने गरिबी आली हे सांगता येत नाही. शिक्षण बहुतेकांचं पंचविशीच्या आत संपतं, आजार त्यानंतर येतो. त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हा गोंधळ कमी होतो. शिवाय बाईचं स्वतःचं उत्पन्न कागदावर अनेकदा शून्य असतं, शिक्षण मात्र तिचं स्वतःचं असतं.

अलीकडे यावर जनुकांच्या आधाराने अभ्यास झालेत. शाळेत किती वर्षं काढली जातात याच्याशी थोडंथोडं नातं असलेली शेकडो जनुकं सापडली आहेत. ती ज्यांच्यात जास्त, त्यांना फॅटी लिव्हर कमी का, हे बघतात. जनुकं जन्मतःच ठरलेली, म्हणून नंतरच्या सवयींनी निकाल गढूळ होत नाही अशी त्यामागची कल्पना. त्यात शिक्षण जास्त तर धोका कमी असाच निष्कर्ष निघतो, आणि त्यातला बराच भाग वजन, धूम्रपान, मधुमेह यांच्या वाटेने जातो असं दिसतं. पण हे अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत. शिवाय जनुकं आईबापांकडून येतात आणि आईबाप घरही देतात. शिकलेल्या घरातल्या मुलाला जनुक मिळतं आणि फळांची टोपलीही मिळते. त्यामुळे इथेही घराचा वाटा पूर्ण वेगळा काढता येत नाही. पुण्यातल्या वस्तीला हे निकाल जसेच्या तसे लावणं मला धाडसाचं वाटतं.

आणि एक बारीक गोष्ट, ओवीताई. इंडियाबमधला तो निष्कर्ष आर्थिक-सामाजिक थराबद्दल आहे, निव्वळ शिक्षणाबद्दल नाही. तुम्ही तसं लिहिलंच आहे. वाचणाऱ्यांनी घाईत दोन्ही एक करू नयेत म्हणून सांगितलं.

बे एरियाकर

अमेरिकेतून. इथे दक्षिण आशियाई लोकांवर मसाला नावाचा अभ्यास चालू आहे. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या ९०६ जणांपासून २०१० मध्ये सुरू झाला. त्यातले बहुतेक पदवीधर, बरेच त्याहून शिकलेले, उत्पन्नही चांगलं. तरी इथल्या गोऱ्या, काळ्या, चिनी, लॅटिनो लोकांशी तुलना केली तेव्हा आपल्या लोकांच्या यकृतात चरबी जास्त आणि अंगावर स्नायू कमी निघाले. आमच्या मराठी मंडळाच्या आरोग्य शिबिरात मी हेच बघतो. सगळे इंजिनियर, डॉक्टर. पाठीमागून बघाल तर सडपातळ, बाजूने बघाल तर पोट.

दुसऱ्या बाजूला याच देशात जे घराच्या महिनाअखेरच्या जेवणाची चिंता करतात, त्यांच्यात फॅटी लिव्हर आणि यकृत कडक होणं जास्त आढळलंय. कारण इथे स्वस्त म्हणजे साखरेचं पेय आणि तळलेलं. म्हणजे एकाच देशात शिक्षण एका गटाला वाचवतं आणि दुसऱ्या गटाला पुरेसं वाचवत नाही.

ओवी

बे एरियाकर, हा दुवा फार महत्त्वाचा. याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही, पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथे जन्मणारी बाळं सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी काय होतं? स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचं छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

कातडीखालची जागा ही चरबीची कोठी समजा. आपली कोठी लहान, लवकर भरते, आणि जास्तीचं धान्य मग माजघरात, म्हणजे यकृतात, येऊन पडतं. बीरभूममध्येही फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांचा बीएमआय २५ च्या आत होता. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा टेप खरी. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही कंबरेची मर्यादा.

डोंगरवाट, तुमच्याशी मी निम्मी सहमत आहे. उरलेलं निम्मं सांगते. मला शहरातला कमी शिकलेल्यांचा बदललेला दिवस फार महत्त्वाचा वाटतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कमी शिक्षण म्हणजे अंगमेहनत: हमाली, शेत, गिरणीत उभं राहून पाळी. आज आठवी शिकलेला मुलगा शहरात आला की काय करतो? वॉचमन होऊन खुर्चीत बारा तास. रिक्षा किंवा कॅब. मोटरसायकलवर पार्सल पोहोचवणं. मोबाइलच्या दुकानात काउंटर. बाई शिलाई मशीनवर किंवा पॅकिंगच्या टेबलावर. बसून राहणं आयटीवाल्याइतकंच, पण मध्येच उठून चालायची मुभा नाही. जिम नाही, झोपायला शांत खोली नाही, रात्रपाळी आहे. जेवण म्हणजे जे स्वस्त आणि चटकन पोट भरतं ते: वडापाव, भात, फरसाण, बिस्किटं, गोड चहा. माझ्याकडे येणारे वॉचमन दिवसाला सहा-सात कप चहा सांगतात, प्रत्येकात दोन चमचे साखर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत साखर ठेवायला सांगितलंय. यांच्या नुसत्या चहातच त्याच्या दुप्पट होते, आणि तो चहा जेवणाऐवजी असतो.

शिकलेल्याच्या खुर्चीसोबत पगार, रजा आणि आरोग्य विमा येतो. न शिकलेल्याच्या खुर्चीसोबत यातलं काहीच येत नाही. शिक्षण धरायचं ते यासाठी. दोष माणसावर टाकायला मुळीच नाही.

गावकुस

आशा गटप्रवर्तक आहे, सातारा जिल्हा. ताई, तुम्ही टेपचं लिहिलं म्हणून लिहिते.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक नावाचा फॉर्म आमच्या आशा भरतात. वय, तंबाखू-बिडी, दारू, कंबरेचं माप, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात घेतलं, तेव्हापासून याच फॉर्मातून लिव्हरचाही धोका ओळखायचा आहे. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण कंबर मोजायची कशी, ते बघा. दारात सासरे बसलेले, बाई म्हणते "लिहा तुमच्या मनानं". पदर, परकराची नाडी, वर साडीच्या निऱ्या. माझ्या हाताखालच्या एका आशाताईने युक्ती काढली. बचत गटाची बैठक संपली की खोलीचं दार लावायचं, आधी स्वतःची कंबर मोजून मोठ्याने सांगायची, मग बाकीच्या हसत-हसत पुढे येतात. त्या गटातले आकडे खरे आहेत. इतर ठिकाणी सरसकट ७८ लिहिलेलं मी स्वतः बघितलंय.

गावात शिक्षणाचा फरक कुठे दिसतो सांगते. माप वाढलेल्या बाईला चिठ्ठी दिली तर दहावी-बारावी झालेली सून नवऱ्याच्या मागे लागून तालुक्याला जाते. न शिकलेली चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवते. मूर्ख म्हणून नाही. एसटीने जायला, ओळीत उभं राहायला, "कशाला आलीस" याला उत्तर द्यायला तिच्याकडे बळ नसतं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. शिकलेल्या सुनेला निदान काउंटरवर काय विचारायचं ते येतं.

शेतातलं कष्टाचं काम आता आमच्याकडेही कमी झालंय. नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने, रानात जायला मोटरसायकल. ताटातली ज्वारीची भाकरी कमी होऊन गव्हाची चपाती आणि भात वाढला. बीरभूमचं जे लिहिलंय ते आमच्या गावाला दहा वर्षांपूर्वी लागू होतं. आज शेतकऱ्याच्या घरात आणि मास्तरच्या घरात फार फरक दिसत नाही.

चाफा

गावकुस ताई, तुमचं वाचून गप्प बसवेना. मी शिक्षिका आहे. बाईच्या शिक्षणाचा आणखी एक धागा: शिकलेल्या बाईला घरात काय शिजेल यावर थोडं तरी बोलता येतं. नोकरी असेल तर स्वतःसाठी वेगळा डबा भरता येतो. जिला बोलता येत नाही ती सगळ्यांचं उरलेलं खाते, आणि उरतं ते भात आणि पोळी. उसळ, अंडं, कोशिंबीर कधी उरत नाही.

आणि ताईंनी २.७ किलोच्या बाळांचं लिहिलं. ती बाळं आज तिशीत असतील. म्हणजे आजच्या यकृताची गोष्ट त्यांच्या आईच्या ताटापासून सुरू होते. मुलगी शाळेत टिकली, लग्न उशिरा झालं, गरोदरपणी नीट जेवली, तर फायदा तिच्या लेकरालाही. आम्ही मुलींची शाळेतून गळती थांबवायला घरोघर फिरतो तेव्हा या कारणाचा विचार कधी कुणी केला नव्हता. आता मी पालकसभेत सांगणार आहे.

डोंगरवाट

ओवीताई, बसून काम करणाऱ्या वॉचमनचं उदाहरण पटलं. तरीही माझा आग्रह असा की उपाय माहितीपत्रकात शोधू नका. त्या शिलाई कारखान्यातल्या बाईंना सगळं कळलं, तरी दुपारी अर्धा तास सुट्टी आणि गरम जेवण मिळणार आहे का? यकृताचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन यंत्र किती जिल्हा रुग्णालयांत आहे? मागणी तिथे करायला हवी.

पांढरा कोट

डोंगरवाट, मागणी करूच. पण फायब्रोस्कॅनची वाट न बघता आजच होण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती सरकारी प्रयोगशाळेतल्या साध्या रक्ततपासणीवर होते. फिब-४ नावाचा आकडा. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स. प्लेटलेट्स हजारांत धरायच्या.

उदाहरण देतो. वय ४८, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स २ लाख, म्हणजे २००. वरती ४८ गुणिले ४०, १,९२०. खाली ३६ चं वर्गमूळ ६, गुणिले २००, म्हणजे १,२००. उत्तर १.६. आता बघा, रिपोर्टवर एकाही आकड्यासमोर लाल खूण नाही. सगळं नॉर्मल. पण फिब-४ १.३ च्या खाली असेल तर धोका कमी, २.६७ च्या वर असेल तर बराच जास्त. १.६ मधे येतो, म्हणजे या माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायलाच हवं. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. तरुणांत, पस्तिशीच्या आत, हा आकडा फारसा भरवशाचा नाही.

मोबाइलवर हे गणित दोन मिनिटांचं आहे. ओवींच्या त्या बाईंचा जुना रिपोर्ट आला तेव्हाच कुणीतरी रक्त तपासून ते करायला हवं होतं. त्यासाठी बाई शिकलेल्या असण्याची गरज नव्हती. आमचं काम होतं ते.

रानमेवा

डॉक्टर, माझ्या वडिलांचं विचारते. चौथी शिकलेले, शेतकरी, मधुमेह आहे, ग्रेड दोन निघालं. गावातल्या दुकानदाराने लिव्हरचं टॉनिक दिलंय, शिवाय शेजारी रोज सकाळी गुळवेलीचा काढा द्या म्हणतात. दारू सणासुदीलाच. द्यायचं का हे सगळं?

पांढरा कोट

रानमेवा, ऑनलाइन औषध सांगत नाही, पण एवढं नक्की सांगतो: टॉनिकने यकृतातली चरबी उतरते याला पुरावा नाही. काढा मी थांबवेन. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. त्यावर वाद झाला, पण आधीच आजारी असलेल्या यकृतावर प्रयोग नको. सणासुदीची दारूही बंद. मधुमेह आणि दारू एकत्र आले की यकृत फार वेगाने बिघडतं. फिब-४ काढा आणि आकडा घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा. मधुमेहाचं औषध चुकवू देऊ नका.

वजन जास्त असेल तर ५ टक्के कमी केल्याने चरबी उतरायला लागते. ७ ते १० टक्के उतरवलं तर सूजही कमी होते. ७० किलोच्या माणसाला हे साडेतीन ते सात किलो होतात, तेही सहा महिने-वर्षभरात, सावकाश. उपाशी राहून नाही. कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची चालेल, कॉफी पिणाऱ्यांत यकृत कडक होण्याचं प्रमाण कमी आढळलंय.

रानमेवा

मनापासून आभार. काढा आजच बंद करते. शेजारच्या काकांना हाच प्रतिसाद वाचून दाखवते.

ओवी

इथल्या चर्चेवरून एक काम हाती घेतेय. दवाखान्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टला मराठीतली एक चिठ्ठी जोडायची. मसुदा असा:

"तुमच्या यकृतात चरबी जमली आहे. अशी चरबी दारू न पिणाऱ्यांच्याही यकृतात जमते. आज दुखत नसलं तरी तपासणी हवी. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स तपासून घ्या आणि डॉक्टरांना 'फिब-४ किती आला' असं विचारा. शुगर तपासा. चहातली साखर, बिस्कीट, खारी, टोस्ट, फरसाण, बाटलीतली थंड पेयं कमी करा. भाजी, उसळ, शेंगदाणे, अंडं, ताक बंद करू नका. भात-पोळी निम्मी, डाळ-भाजी दुप्पट. रोज अर्धा तास भरभर चाला, जमेल तसे दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतील. सहा महिन्यांनी परत या, हा कागद सोबत आणा."

डोंगरवाट, याने कारखान्यातली सुट्टी वाढणार नाही हे मला माहीत आहे. त्यासाठी तुम्ही अर्ज लिहिणार असाल तर माझी सही पहिली. पण दोन वर्षं पिशवीत पडून राहिलेला रिपोर्ट मला पुन्हा बघायचा नाही. सुधारणा सुचवा.

गावकुस

चिठ्ठी छान आहे. तीन गोष्टी. अक्षर मोठं ठेवा, चष्मा सगळ्यांकडे नसतो. "यकृत"च्या शेजारी "लिव्हर"ही लिहा, आमच्याकडे दवाखान्यात तोच शब्द चालतो. आणि सासूबाईंसाठी दारूची ओळ अगदी वर, ठळक घ्या. बाई घरी गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. कंबर कुठे मोजायची त्याचं चित्र टाकता आलं तर बघा: बरगडीची खालची कड आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर.

सांख्यिकी

एक विनंती. चिठ्ठी देताना वहीत वय, शिक्षण, कामाचं स्वरूप, कंबर आणि फिब-४ एवढे रकाने ठेवा, दवाखान्याची परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन, नाव न लिहिता. वर्षभराने शिलाईवाल्या, वॉचमन, रिक्षावाले असे वेगळे गट करून बघता येईल. आपल्या शहरांतल्या या कामगारांबद्दल असे आकडे फार कमी आहेत. तक्ता मी बनवून देतो.

ओवी

गावकुस ताई, तिन्ही बदल घेतले. चित्र माझी भाची काढून देणार आहे. सांख्यिकी, तक्ता नक्की पाठवा. विश्वस्तांशी परवानगीचं बोलणं सुरू केलंय. कामाच्या रकान्यात "दिवसातले किती तास बसून" हेही घालूया, आणि बायकांसाठी "घरात शेवटी कोण जेवतं" हा चाफा यांचा प्रश्न. पहिल्या झेरॉक्स शुक्रवारी निघतील. ज्यांना आपल्या दवाखान्यासाठी हवी असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप करा, जशीच्या तशी वापरा.